४३० कोटींची फेरारी कोर्टाने 'कलाकृती' ठरवली, पण मग तिचा कलाकार कोण?

१३ नोव्हेंबर २०२३. न्यूयॉर्कमध्ये आरएम सदबीज या कंपनीच्या लिलावात एक लाल फेरारी विक्रीला आली. हातोडा पडला आणि कमिशन धरून किंमत झाली ५ कोटी १७ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास ४३० कोटी रुपये. गाडी होती १९६२ सालची, फेरारी २५० जीटीओ. गाडीचे फोटो आणि रील्स दोन दिवस सगळीकडे फिरत होते.

याच्या बरोबर सहा महिने आधी, १३ मे २०२३ ला, इटलीत जोत्तो बिझ्झारिनी नावाचे ९६ वर्षांचे इंजिनियर वारले. त्यांची बातमी फारशी कुणी शेअर केली नाही. पण ही गाडी बनवायचं काम ज्यांच्यावर सोपवलं होतं, ते हेच. आणि ती पूर्ण व्हायच्या आधीच त्यांना कंपनीतून काढून टाकण्यात आलं होतं.

आता यात आणखी एक गंमत आहे. २०१९ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या कोर्टाने सांगितलं की २५० जीटीओ ही एक कलाकृती आहे आणि तिला कॉपीराइटचं संरक्षण मिळालं पाहिजे. आता कलाकृती म्हटली की तिचा कुणीतरी कलाकार असणार. मग या गाडीचा कलाकार कोण? मालक एन्झो फेरारी, हाकलून दिलेला इंजिनियर, त्याच्या जागी आलेला पोरगा, की पत्रा ठोकणारे कारागीर?

हे समजून घ्यायचं तर गाडी कशी घडली हे आधी बघावं लागेल.

ही गाडी बनवायची गरज का पडली?

मार्च १९६१. जिनिव्हाच्या मोटार शोमध्ये जग्वारने ई-टाइप ही गाडी आणली. दिसायला देखणी, ताशी १५० मैल वेगाचा दावा आणि किंमत फेरारीच्या मानाने बरीच कमी. तिकडे इटलीत मारानेल्लोच्या फेरारी कारखान्यात या बातमीने चिंता वाढली.

त्यात दुसरी भर पडली नियमांची. १९६२ पासून मोटार कंपन्यांची जागतिक स्पर्धा खास बनवलेल्या रेसिंग गाड्यांऐवजी जीटी गाड्यांसाठी असेल, असं मोटार शर्यतींची जागतिक संघटना एफआयएने ठरवलं. जीटी म्हणजे ग्रान तुरिस्मो. सोप्या भाषेत सांगायचं तर, रस्त्यावर चालवता येईल आणि गिऱ्हाइकाला विकत घेता येईल अशी वेगवान गाडी.

फेरारीकडे या गटात '२५० जीटी एसडब्ल्यूबी' नावाची गाडी होती. आखूड चेसिस, चांगले ब्रेक, दमदार इंजिन. बऱ्याच शर्यती तिने जिंकल्या होत्या. पण तिचं नाक बोजड होतं. वेग एका मर्यादेपुढे गेला की समोरची हवा गाडीला अडवायची आणि पुढचा भाग उचलायला बघायची. ल मां सारख्या शर्यतीत कित्येक किलोमीटर सरळ रस्ता असतो, तिथे हे परवडणारं नव्हतं.

म्हणून बिझ्झारिनी यांना गुपचूप एक काम देण्यात आलं. चेसिस साधारण तीच ठेवायची, पण गाडी हवेतून अशी निसटली पाहिजे की जग्वार मागे पडेल.

आधी बनला तो 'राक्षस'

बिझ्झारिनी यांनी पिसा विद्यापीठातून इंजिनियरिंग केलं होतं. त्याच विद्यापीठाच्या वाऱ्याच्या बोगद्यात त्यांनी गाडीच्या आकाराच्या चाचण्या घेतल्या. वाऱ्याचा बोगदा म्हणजे जिथे वस्तू जागेवर ठेवून तिच्यावर जोरात हवा सोडतात आणि हवा कुठे अडते, कुठे निसटते हे बघतात.

इंजिन त्यांनी मागे आणि खाली बसवलं, म्हणजे नाक लांब आणि बुटकं करता आलं. इंजिन खाली बसवायचं तर त्याच्या पोटातली तेलाची टाकी आड येते. म्हणून तेल वेगळ्या टाकीत ठेवणारी 'ड्राय संप' पद्धत वापरली. हवा आत घ्यायचं तोंड छोटं केलं. गाडीच्या पोटाखाली पत्रा लावला, म्हणजे खालूनही हवा सरळ जाईल.

इंजिन मात्र नवं नव्हतं. फेरारीच्या टेस्टा रोसा या रेसिंग गाडीतलं १२ सिलिंडरचं, २,९५३ सीसीचं इंजिन त्यांनी घेतलं. एका सिलिंडरचा हिशेब साधारण २५० सीसी होतो, नावातला २५० तिथूनच आला. सहा कार्बोरेटर, सुमारे ३०० हॉर्सपॉवर, पाच गिअर. आतमध्ये साध्या कापडी सीट आणि डॅशबोर्डवर स्पीडोमीटरसुद्धा नाही. शर्यतीत ड्रायव्हरला इंजिनाचे फेरे कळले की पुरतं, वेगाचा आकडा बघायला वेळ कुणाला असतो?

सप्टेंबर १९६१ मध्ये मोंझा ट्रॅकवर पहिला नमुना पळवला गेला. ब्रिटिश ड्रायव्हर स्टर्लिंग मॉस यांनी तो चालवला. गाडी वेगवान निघाली, पण दिसायला इतकी ओबडधोबड होती की तिला 'मोस्त्रो', म्हणजे राक्षस असं नाव पडलं. ठिकठिकाणी जोडलेले पत्रे, खिळ्यांच्या रांगा. आज जिला जगातली सगळ्यात सुंदर गाडी म्हणतात तिचं बारसं असं झालं होतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या टप्प्यावर कुणीही 'सुंदर' गाडी बनवत नव्हतं. आकार ठरत होता तो हवेवरून.

मग एका दिवसात सगळे बाहेर

नोव्हेंबर १९६१ मध्ये फेरारी कंपनीत जे घडलं त्याला इतिहासात 'राजवाड्यातलं बंड' म्हणतात.

झालं असं की एन्झो फेरारी यांच्या पत्नी लॉरा कारखान्याच्या कामकाजात लक्ष घालायच्या आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना ते खटकत होतं. विक्रीप्रमुख जिरोलामो गार्दिनी यांचं एन्झोंशी वाजलं. मुख्य इंजिनियर कार्लो किती, रेसिंग संघाचे मॅनेजर रोमोलो तावोनी, बिझ्झारिनी आणि आणखी काही जण गार्दिनींच्या बाजूने उभे राहिले. सगळ्यांनी मिळून लेखी तक्रार केली.

एन्झो यांनी तक्रारीवर चर्चा केली नाही. थेट सगळ्यांना घरी पाठवलं.

म्हणजे फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद जिंकून जेमतेम दोन महिने झालेत, नवी गाडी अर्धवट आहे, पुढचा मोसम तोंडावर आलाय, आणि कंपनीत ती गाडी समजणारं कुणी उरलेलं नाही.

एन्झो यांनी तांत्रिक विभाग सोपवला मौरो फोर्गिएरी यांच्याकडे. वय २६. वडील फेरारीतच कामाला होते. स्वतः नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला इंजिनियर.

फोर्गिएरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाडी पूर्ण केली. मोठ्या वेगात ती मागून डगमगायची, तिला ताळ्यावर आणलं. मागच्या अॅक्सलला वॉट्स लिंकेज नावाची दांड्यांची जोडणी दिली, त्यामुळे अॅक्सल आडवा सरकायचा थांबला. चाचण्यांनंतर शेपटीवर उभा पत्रा, म्हणजे स्पॉयलर आला. आज फोटोत जी वर उचललेली शेपटी दिसते ती सुरुवातीला नव्हतीच. गाडी रस्त्याला चिकटून राहावी म्हणून ती नंतर लावली गेली.

फेब्रुवारी १९६२ मध्ये मारानेल्लोत पत्रकारांसमोर गाडी आणली गेली. नाव, ग्रान तुरिस्मो ओमोलोगाता. म्हणजे जीटी शर्यतींसाठी मान्यता मिळालेली गाडी.

आणि पत्रा कुणी ठोकला?

इंजिनियरांनी आकार ठरवला हे खरं, पण आकार कागदावर किंवा छोट्या मॉडेलवर असतो. तो अॅल्युमिनियमच्या पत्र्यात उतरवायचं काम होतं मोदेना शहरातल्या सर्जो स्काल्येत्ती यांच्या वर्कशॉपचं.

आपल्याकडे गॅरेजमध्ये चांगला डेंटर असतो, जो नुसत्या नजरेने आणि हाताने पत्रा सरळ करतो. स्काल्येत्तींकडे तशाच हाताचे कारागीर होते, फक्त ते नवी गाडी घडवायचे. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवायचा आणि हातोडीने ठोकत ठोकत त्याला गोलाई द्यायची. बारीकसारीक मापांचे नकाशे नसायचे. बरंचसं काम डोळ्याने.

म्हणूनच कोणत्याही दोन जीटीओ तंतोतंत सारख्या नाहीत. मोंझाचा राक्षस आणि पत्रकारांसमोर आलेली गाडी यांच्यात जो फरक पडला, त्यात या कारागिरांचा वाटा मोठा आहे. गाडीच्या बहुतेक अभ्यासकांचंही हेच म्हणणं आहे की या आकाराचं श्रेय कुणा एका माणसाला देता येत नाही.

हाकललेल्या माणसाचं उत्तर

बिझ्झारिनींचा वाटा किती होता, याचा एक पुरावा त्याच वर्षी रस्त्यावर आला.

फेरारीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी एटीएस नावाची नवी कंपनी काढली. तिला पैसे देणाऱ्यांमध्ये काउंट जोव्हान्नी व्होल्पी हे तरुण उमराव होते. त्यांचा स्वतःचा रेसिंग संघ होता आणि त्यांना जीटीओ हव्या होत्या. एन्झो फेरारींनी गाडी द्यायला साफ नकार दिला.

मग व्होल्पींनी आपली जुनी २५० जीटी एसडब्ल्यूबी बिझ्झारिनींच्या ताब्यात दिली. त्यांनी जीटीओवर वापरलेल्या कल्पना आणखी पुढे नेल्या. इंजिन आणखी खाली, नाक आणखी बुटकं आणि छत सरळ शेपटीपर्यंत नेऊन कापलेलं. इंग्रज पत्रकारांनी तिला पाव पोचवणाऱ्या गाडीवरून 'ब्रेडव्हॅन' म्हणायला सुरुवात केली.

जून १९६२ च्या ल मां शर्यतीत ही ब्रेडव्हॅन पहिले काही तास सगळ्या जीटीओंच्या पुढे होती. चौथ्या तासाच्या सुमारास ड्राइव्हशाफ्ट तुटला आणि ती बाहेर पडली. पण म्हणायचं ते म्हणून झालं होतं.

पुढे ट्रॅक्टर बनवणाऱ्या फेरुच्चो लाम्बोर्गिनी यांना स्पोर्ट्स कार काढायची होती. त्यांच्या पहिल्या १२ सिलिंडर इंजिनाचं डिझाइनही बिझ्झारिनींनीच केलं.

नियम होता १०० गाड्यांचा, बनवल्या ३६

आता सोशल मीडियावर सगळ्यात जास्त फिरणारा किस्सा. जीटी गटात मान्यता हवी असेल तर बारा महिन्यांत १०० गाड्या बनवल्याच पाहिजेत, असा नियम होता. फेरारीने १९६२ ते १९६४ या काळात जीटीओ बनवल्या ३६. चार लिटरचं मोठं इंजिन असलेल्या तीन गाड्या धरल्या तर ३९.

मग मान्यता मिळाली कशी? फेरारीने तपासनीसांना त्याच गाड्या पुन्हा पुन्हा दाखवल्या, चेसिस नंबर मुद्दाम सोडले, असे किस्से सांगितले जातात. ऐकायला भारी आहेत, पण इतकं करायची गरजच नव्हती. पळवाट नियमातच होती.

आधीच मान्यता असलेल्या मॉडेलमध्ये बॉडीचे बदल केले तर ती नवी गाडी न धरता त्याच मॉडेलची पुढची आवृत्ती मानता येत होती. फेरारीने कागदोपत्री सांगितलं की ही आमची जुनी २५० जीटीच आहे, फक्त बॉडी बदललीय. एफआयएने मान्य केलं. जग्वार आणि अॅस्टन मार्टिन यांनीही पुढे हाच रस्ता वापरला.

चेसिस तशीच का राहिली, इंजिन पुढेच का राहिलं, याचं एक कारण इथे सापडतं. फार काही बदललं असतं तर 'जुनीच गाडी आहे' हे सांगता आलं नसतं. म्हणजे या गाडीच्या आकारात हवेइतकाच नियमाच्या पुस्तकाचाही हात आहे.

निकाल जबरदस्त लागले. मार्च १९६२ मध्ये सेब्रिंगच्या १२ तासांच्या शर्यतीत फिल हिल आणि ऑलिव्हिए झांदबियां यांनी पहिल्याच फटक्यात आपला गट जिंकला, एकूणात दुसरा नंबर. त्याच वर्षी ल मांमध्येही गट जिंकला आणि एकूणात दुसरा नंबर. १९६२, १९६३ आणि १९६४, सलग तीन वर्षं मोठ्या इंजिनांच्या जीटी गटाचं विजेतेपद फेरारीकडे राहिलं.

पण पळवाट कायम उघडी राहत नसते. फेरारीने इंजिन मध्यभागी असलेली २५० एलएम ही वेगळीच गाडी आणली आणि तीही '२५० जीटीचीच आवृत्ती' म्हणून पुढे केली, तेव्हा एफआयएने नकार दिला. एन्झो इतके भडकले की इटालियन संघटनेशी भांडून १९६४ च्या शेवटच्या दोन फॉर्म्युला वन शर्यतींत त्यांच्या गाड्या लाल रंगाऐवजी अमेरिकन संघाच्या पांढऱ्या-निळ्या रंगात उतरल्या.

काही हजारांची गाडी शेकडो कोटींवर कशी गेली?

अमेरिकेत नवीन जीटीओ सुमारे १८ हजार डॉलरला मिळायची. नुसते पैसे असून भागायचं नाही, खरेदीदार एन्झो किंवा त्यांचे अमेरिकेतले विक्रेते लुइजी किनेत्ती यांच्या पसंतीस उतरावा लागायचा.

पण रेसिंग गाडी लवकर म्हातारी होते. साठच्या दशकाच्या शेवटी जीटीओ जुन्या मोबाइलसारख्या झाल्या. काही हजार डॉलरमध्ये हातोहात विकल्या गेल्या.

मग श्रीमंत संग्राहकांचं लक्ष गेलं. २०१४ मध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात एक गाडी ३ कोटी ८१ लाख डॉलरला गेली. २०१८ मध्ये दुसरी ४ कोटी ८४ लाखांना. त्याच वर्षी एका खाजगी व्यवहारात ७ कोटी डॉलर मोजले गेल्याच्या बातम्या होत्या. आणि २०२३ मध्ये ५ कोटी १७ लाख.

इतकी मागणी आणि इतक्या थोड्या गाड्या म्हटल्यावर नकला निघणारच. डॅटसन २४०झेड या जपानी गाडीवर जीटीओसारखी बॉडी चढवून फिरणारे हौशी लोक अमेरिकेत कितीतरी वर्षं आहेत. पण मोदेनातल्याच आरेस डिझाइन या कंपनीने जीटीओच्या धर्तीवर नवी गाडी बनवायचा बेत केला तेव्हा फेरारीने कोर्ट गाठलं.

कोर्टाने नेमकं काय म्हटलं?

इटलीच्या कायद्यात औद्योगिक डिझाइनला कॉपीराइट मिळायचा तर दोन अटी आहेत. त्यात सर्जनशीलता हवी आणि कलात्मक मूल्यही हवं. जून २०१९ मध्ये बोलोन्याच्या कोर्टाने सांगितलं की जीटीओच्या रेषा आणि सौंदर्य यांमुळे ती एकमेव ठरते आणि तिचं कलामूल्य असंख्य पुरस्कार व गौरवांतून सिद्ध झालं आहे. इटलीत एखाद्या गाडीला असा दर्जा मिळायची ही पहिलीच वेळ असल्याचं तेव्हा सांगण्यात आलं.

पुढच्याच वर्षी दुसऱ्या आघाडीवर मात्र फेरारीला फटका बसला. गाडीच्या आकाराचा ट्रेडमार्क फेरारीने युरोपात घेऊन ठेवला होता. पण तो वापरात नसल्याच्या कारणावरून युरोपीय कार्यालयाने २०२० मध्ये बहुतांश रद्द केला, खेळण्यांतल्या गाड्यांपुरता ठेवला. ट्रेडमार्क टिकवायचा तर वापरावा लागतो. कॉपीराइटला ती अट नाही. म्हणून 'कलाकृती' हा शब्द फेरारीसाठी इतका महत्त्वाचा आहे.

मग अडचण कुठे आहे?

दोन ठिकाणी.

पहिली अडचण आकाराची. जून २०२० मध्ये युरोपच्या सर्वोच्च कोर्टाने ब्रॉम्प्टन या घडीच्या सायकलीच्या खटल्यात सांगितलं की वस्तूचा आकार तांत्रिक कामासाठी आवश्यक असला तरी कॉपीराइट मिळू शकतो, पण त्यात बनवणाऱ्याने मोकळेपणाने केलेली निवड दिसली पाहिजे. जीटीओचं बुटकं नाक आणि उचललेली शेपटी ही निवड होती की गरज? बिझ्झारिनींच्या बोगद्यात ती गरज होती. स्काल्येत्तींच्या हातोडीखाली त्याच गरजेला गोलाई मिळाली, आणि ती गोलाई नक्कीच निवड होती. म्हणजे कॉपीराइटचा दावा सगळ्यात भक्कम कुठे उभा राहतो? ज्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत त्या कारागिरांच्या कामावर.

दुसरी अडचण मुदतीची. युरोपात कॉपीराइट लेखकाच्या किंवा कलाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. अनेकांनी मिळून काम केलं असेल तर शेवटच्या माणसाच्या मृत्यूपासून मोजतात. स्काल्येत्ती २०११ मध्ये गेले, फोर्गिएरी २०२२ मध्ये, बिझ्झारिनी २०२३ मध्ये. कलाकार फक्त स्काल्येत्ती मानले तर मुदत २०८१ ला संपेल, बिझ्झारिनीही मानले तर २०९३ ला. म्हणजे 'कलाकार कोण' हा प्रश्न नुसता भावनेचा नाही, त्यावर बारा वर्षांचा हक्क अवलंबून आहे.

इथे इटलीच्या कायद्यात एक तरतूद आहे. नोकरीत असताना केलेल्या डिझाइनचे पैशाचे हक्क कंपनीकडे जातात. पण हे काम माझं आहे असं म्हणायचा हक्क माणसाकडेच राहतो.

म्हणजे फेरारीने नक्कल थांबवणं कायद्याला धरून आहे आणि मला त्यात वावगं वाटत नाही. दुसऱ्याच्या नावावर पैसे कमवायला कुणी आलं तर कंपनी कोर्टात जाणारच. पण आपलं डिझाइन कलाकृती आहे असं सांगून कंपनी संरक्षण घेत असेल, तर ती कलाकृती कुणाची हेही तिने तितक्याच ठळकपणे सांगायला हवं. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये, जाहिरातीत आणि आपल्या टाइमलाइनवर ही गाडी बहुतेक वेळा 'एन्झोंची निर्मिती' म्हणूनच येते. एन्झोंनी माणसं निवडली, पैसा लावला आणि हट्ट धरला, हे त्यांचं श्रेय आहेच. पण वाऱ्याच्या बोगद्यात ते नव्हते, हातोडी घेऊनही ते बसले नव्हते, आणि ज्याने काम सुरू केलं त्याला त्यांनीच बाहेर काढलं होतं.

मोठ्या कंपन्या आपल्या जुन्या डिझाइनवर कॉपीराइट सांगण्याचे खटले युरोपात आता वाढतायत. सायकल, दिवे, फर्निचर, कपडे, सगळीकडे हाच प्रश्न येतोय. तेव्हा पुढच्या वेळी या लाल गाडीची रील समोर आली आणि कॅप्शनमध्ये फक्त एन्झो फेरारींचं नाव दिसलं, तर कमेंटमध्ये तीन नावं टाका. जोत्तो बिझ्झारिनी, मौरो फोर्गिएरी, सर्जो स्काल्येत्ती. आणि स्काल्येत्तींच्या वर्कशॉपमधल्या माणसांची नावं कुणाला ठाऊक असतील तर तीही.